गुण आला, पण कोणामुळे?

दैवी शक्तीने रोग बरे करणाऱ्या माणसांचा विषय निघाला की बहुतेक चर्चा एका वाक्यापाशी येऊन अडते: ‘तुम्ही काहीही म्हणा, आम्हाला गुण आला.’ रत्नागिरी जिल्ह्यात शाळेत विज्ञान शिकवत असताना हे वाक्य मी पालकांकडून ऐकले, नातेवाइकांकडून ऐकले आणि शिक्षकांच्या खोलीतही ऐकले. ते बोलणारा माणूस खोटे बोलतो आहे असे मला कधीच वाटलेले नाही. त्याची कावीळ खरोखर उतरलेली असते, पाठीत भरलेली उसण गेलेली असते, त्याचे मूल रात्री शांत झोपू लागलेले असते. प्रश्न एवढाच आहे की हे बरे होणे कोणाच्या खात्यावर जमा करायचे. हा प्रश्न विचारल्याने त्या माणसाच्या अनुभवाचा अपमान होतो असे मी मानत नाही. उलट जिथे जिवाशी गाठ आहे तिथे तो न विचारणे हाच मला निष्काळजीपणा वाटतो.

त्यासाठी मी प्रथम एक गोष्ट पाहायला सांगतो. मंत्राने, अंगाऱ्याने, गंडादोऱ्याने किंवा नुसत्या हाताच्या स्पर्शाने बरे करणारी माणसे कोणकोणते आजार ‘उतरवतात’, हे आपल्या पंचक्रोशीपुरते आठवून पाहावे. कावीळ, नागीण, गालगुंड, चामखीळ, उसण, अर्धशिशी, तान्ह्या मुलाची किरकिर, विंचू आणि साप ही नावे जवळजवळ सगळीकडे निघतात. गालगुंडाची सूज आठ-दहा दिवसांत ओसरते. अर्धशिशी काही तासांनी, फार तर दोन-तीन दिवसांनी थांबते आणि काही काळाने पुन्हा येते. चामखिळी, विशेषतः मुलांच्या, वर्षा-दोन वर्षांत बहुधा आपोआप गळून जातात. उसण भरलेल्या माणसाच्या पाठीला पायाळू माणसाचा पाय लावण्याची पद्धत कोकणात आणि घाटावरही आहे. पाय लावल्यावर ती काही दिवसांत जाते, आणि न लावल्यासही बहुधा तितक्याच दिवसांत जाते. याउलट, यंत्रात सापडून तुटलेले बोट पुन्हा उगवून दिले, किंवा पिकलेला मोतीबिंदू मंत्राने विरघळवला आणि नंतर नेत्रतज्ज्ञाने तो डोळा तपासून तशी खात्री दिली, असे उदाहरण कोणी पुढे आणत नाही. ज्या शक्तीपुढे निसर्गाचे नियम चालत नाहीत असे सांगितले जाते, तिच्या वाट्याला नेमके आपोआप ओसरणारे आजारच का यावेत, या प्रश्नाचे समाधानकारक उत्तर मला आजवर मिळालेले नाही.

यात भर पडते ती माणसाच्या स्वभावाची. दुखणे सुरू झाल्या दिवशी कोणी मांत्रिकाकडे धावत नाही. घरगुती काढे होतात, मेडिकलमधून आणलेल्या गोळ्या होतात, आणि दुखणे अगदी शिगेला पोहोचले की कोणी तरी सुचवते म्हणून जाणे होते. शिगेला पोहोचलेले दुखणे त्यानंतर बहुतेक वेळा उतरणीलाच लागते. त्यामुळे शेवटी ज्याच्याकडे गेलो त्याला यश मिळते, आणि हे यश डॉक्टरलाही फुकटात मिळू शकते. सर्दीवर प्रतिजैविक गोळ्या लिहून देणाऱ्या डॉक्टरांना जे श्रेय मिळते, तेही याच प्रकारचे असते, हे येथे स्पष्ट सांगितले पाहिजे.

माझ्या एका मावशीला नागीण झाली होती. उजव्या बाजूला, बरगडीच्या खाली, पाठीपासून पोटापर्यंत पाण्याने भरलेल्या बारीक फोडांचा पट्टा उठला होता आणि लुगड्याचा काठ लागला तरी ती कळवळत असे. घरात सगळ्यांना एकच भीती होती, ती म्हणजे नागिणीचे तोंड आणि शेपूट एकमेकांना मिळाले तर माणूस जगत नाही. नागीण उतरवणारे गृहस्थ आले. वाटीत गेरू कालवून त्यांनी दूर्वेच्या काडीने फोडांच्या दोन्ही टोकांना आडव्या रेषा ओढल्या, ओठांतल्या ओठांत काही पुटपुटले, आणि आता ही पुढे सरकणार नाही असे सांगितले. ती सरकली नाही. तिसऱ्या आठवड्यात खपल्या धरल्या आणि त्या गृहस्थांचे नाव आमच्या भावकीत आणखी पक्के झाले.

नागीण म्हणजे लहानपणी होऊन गेलेल्या कांजिण्यांचाच विषाणू. तो मज्जारज्जूलगतच्या मज्जातंतूंच्या मुळांशी कित्येक वर्षे सुप्त पडून राहतो, आणि वय वाढल्याने किंवा प्रतिकारशक्ती उणावल्याने जागा झाला की एखाद्या मज्जातंतूच्या वाटेने कातडीपर्यंत येतो. तो तंतू शरीराच्या एकाच बाजूला पसरलेला असल्यामुळे फोडही त्याच बाजूला येतात आणि मध्यरेषेपाशी थांबतात. कमरेभोवती पूर्ण वेटोळे पडावे अशी त्याची रचनाच नसते. म्हणजे जे होणारच नव्हते त्याची भीती आधी घातली गेली आणि ते झाले नाही याचे श्रेय नंतर घेतले गेले. दोन ते चार आठवड्यांत फोड वाळतात, हा या आजाराचा नेहमीचा क्रम आहे. विषाणूरोधक औषध मात्र पुरळ उठल्यापासून साधारण ७२ तासांच्या आत सुरू झाले तर त्याचा उपयोग सर्वांत जास्त होतो, आणि ते तास आमच्या घरात गेरू कालवण्यात गेले. फोड गेल्यानंतरही मावशीची ती बाजू कित्येक महिने जळत राहिली. फोड गेल्यावर मागे राहणाऱ्या या वेदनेविषयी त्या गृहस्थांना कोणी विचारले नाही, कारण नागीण तर उतरली होती. हेच फोड कपाळावर आणि डोळ्याच्या आसपास आले असते तर दृष्टी जाण्याचाही धोका होता.

काविळीची गोष्ट याहून गंभीर आहे, आणि तिच्यात हातचलाखीही येते. कावीळ ‘उतरवण्याचा’ एक विधी मी वर्गात करून दाखवत असे. आंब्याच्या झाडाची अंतरसाल ठेचून तिचा रस तळहातांना चोळून वाळवायचा. वाळल्यावर तो दिसत नाही. मग चुन्याची निवळी घ्यायची. ती पाण्यासारखीच स्वच्छ असते, त्यामुळे पाहणाऱ्याला ते साधे पाणीच वाटते. समोरच्या माणसाचे हात परातीवर धरायला सांगून ती निवळी त्याच्या कोपरापासून खाली चोळत आणायची. सालीतल्या द्रव्यांचा चुन्याशी संयोग होतो आणि परातीत पिवळेजर्दे पाणी ठिबकू लागते. वर्गातल्या सगळ्यांत धडधाकट, कबड्डीच्या संघातल्या मुलाला मी पुढे बोलावत असे, आणि त्याच्याही हातांतून तेवढीच ‘कावीळ’ निघत असे. मुले आधी गप्प होत आणि मग एकदम प्रश्नांचा भडिमार करीत. त्यांतला एक प्रश्न दरवर्षी कोणी ना कोणी विचारायचेच: ‘सर, मग आमच्या आजोबांची कावीळ कशी बरी झाली?’

काविळीच्या माळेचा प्रकारही अनेकांनी पाहिलेला असेल. वनस्पतीच्या ओल्या काड्यांचे लहान तुकडे दोऱ्याच्या फासात ओवून केलेली ही माळ डोक्यावर ठेवतात. दिवस जातात तशी ती लांबत जाते, गळ्यात उतरते, छातीपर्यंत येते, आणि माळ जितकी वाढली तितकी कावीळ तिने ओढून घेतली असे सांगितले जाते. ओल्या काड्या वाळल्या की आकसतात, त्यांना घट्ट बसलेले फास सैल होतात, आणि प्रत्येक फासातला थोडा थोडा दोरा मोकळा होऊन माळेची लांबी वाढते. ती खुंटीला टांगून ठेवली तरी वाढते. ज्यांना शंका असेल त्यांनी एकाच वेळी दोन माळा करून घ्याव्यात, एक रुग्णाला घालावी, दुसरी भिंतीवर लावावी, आणि आठवड्याने दोन्ही मोजाव्यात. हा प्रयोग करायला पैसाही लागत नाही आणि कोणाच्या श्रद्धेला धक्काही लागत नाही.

त्या मुलाच्या प्रश्नाचे उत्तर असे की आपल्याकडची बहुतेक कावीळ दूषित पाण्यातून आणि अन्नातून पसरणाऱ्या हिपॅटायटिस ए आणि ई या विषाणूंमुळे होते, आणि निरोगी माणसाचे यकृत काही आठवड्यांत स्वतःच सावरते. डॉक्टरही अशा रुग्णाला विश्रांती, हलका आहार, यकृतावर ताण आणणारी औषधे आणि दारू बंद, एवढेच प्रामुख्याने सांगतात. मांत्रिकाचे पथ्यही पुष्कळदा याच्याशी जुळणारे असते. परंतु डोळे पिवळे होणे हे एक लक्षण आहे आणि त्यामागची कारणे अनेक आहेत. पित्तनलिकेत अडकलेला खडा, स्वादुपिंडाचा कर्करोग, पावसाळ्यानंतर कोकणात डोके वर काढणारा लेप्टोस्पायरोसिस, मलेरिया, एखाद्या औषधाची यकृतावरची विषारी प्रतिक्रिया, या सगळ्यांत डोळे सारखेच पिवळे दिसतात. हिपॅटायटिस ई गरोदर स्त्रीला शेवटच्या तिमाहीत झाला तर दगावण्याचे प्रमाण काही साथींमध्ये २० ते २५ टक्क्यांपर्यंत गेलेले आहे. नवजात बाळाची कावीळ बहुधा आठवड्या-दोन आठवड्यांत जाते, पण रक्तातले बिलिरुबिन हे पिवळे द्रव्य फार वाढले तर ते मेंदूत उतरते आणि मूल कायमचे बहिरे किंवा अपंग होऊ शकते. ते वेळेवर मोजले तर निळ्या प्रकाशाखाली ठेवण्याच्या साध्या उपचाराने बहुतेक बाळे सुखरूप राहतात. माळ आणि परातीतले पाणी या कारणांत भेद करू शकत नाही, आणि तो भेद करणे हेच अशा वेळी सर्वांत तातडीचे काम असते.

सर्पदंशात तर आठवड्यांऐवजी तासांचा हिशेब असतो. आपल्याकडे चावणाऱ्या सापांपैकी बरेच बिनविषारी असतात, आणि विषारी साप चावला तरी दर वेळी तो विष सोडतोच असे नाही. म्हणून काहीही न करता वाचणाऱ्यांची संख्या मोठी असते, आणि मांत्रिकाचा लौकिक याच माणसांवर उभा राहतो. रुग्णाला कडुलिंबाचा पाला किंवा मिरची चावायला देऊन, कडू किंवा तिखट लागते का यावरून विष चढले की उतरले हे ठरवण्याची पद्धत मी पाहिली आहे; सापाच्या विषाचा आणि जिभेच्या चवीचा असा काही संबंध नाही. मण्यार बहुधा रात्री, जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते. तिच्या दंशाची जागा सुजत नाही, फारशी दुखत नाही, पुष्कळदा सापडतही नाही. पहाटे पोटात दुखते, मग पापण्या जड होतात, बोलणे अडखळते, आणि अखेर श्वसनाचे स्नायू काम करेनासे होतात. सूज नाही, वेदना नाही, म्हणजे विष उतरले, असे मांत्रिक सांगतो तेव्हा रुग्णाच्या हाताशी असलेले शेवटचे काही तास निघून जात असतात. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चारही सापांच्या विषावर चालणारी प्रतिविषाची लस घोड्यांच्या रक्तद्रवापासून तयार करण्याचे काम मुंबईच्या हाफकिनमध्ये अनेक दशके झाले आहे, आणि ती सरकारी रुग्णालयांत मोफत मिळते. तरीही २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसे, म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार माणसे दगावली असा अंदाज देशव्यापी पाहणीतून पुढे आला. हे सगळे मृत्यू मांत्रिकांमुळे झाले असे मी म्हणणार नाही. रस्ते नसणे, गाडी न मिळणे, लस संपलेली असणे हीही कारणे आहेत. पण गमावलेल्या वेळेत मंत्राचा वाटा किती मोठा असतो, हे ग्रामीण रुग्णालयात काम केलेला कोणताही डॉक्टर सांगू शकतो.

विंचवाच्या बाबतीत तर आपल्या कोकणातलेच उदाहरण आहे आणि त्याचा मला मनापासून अभिमान वाटतो. डॉ. हिंमतराव बावस्कर १९७६ साली महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले तेव्हा तांबड्या विंचवाच्या दंशावर खात्रीचा उपाय नव्हता आणि विंचू उतरवणारे गावोगाव होते. बावस्करांनी रुग्णाच्या खाटेशेजारी रात्र रात्र बसून नोंदी केल्या. उलट्या, अंगभर दरदरून घाम, थंडगार हातपाय, मग हृदयावर ताण येऊन फुप्फुसांत पाणी भरणे, हा क्रम त्यांनी लिहून काढला आणि १९८२ साली त्यांचा लेख ‘द लॅन्सेट’ या जगन्मान्य वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. पुढे प्राझोसिन हे रक्तदाबावरचे साधे औषध या दंशावर लागू पडते हे त्यांनी दाखवून दिले, आणि गंभीर दंश झालेल्या दर १०० रुग्णांमागे जिथे ३० च्या आसपास दगावत, तिथे हे प्रमाण दोन-तीनवर आले. त्यांच्या नोंदींतली एक बाब मला फार महत्त्वाची वाटते. ज्या रुग्णाला दंशाच्या जागी भयंकर ठणका असतो आणि बाकी काही लक्षण नसते, तो बहुधा सुखरूप असतो. ज्याच्या अंगात विष भिनले आहे त्याला जागेवरची वेदना पुष्कळदा फारशी नसते. विंचू उतरवणारा मात्र वेदना कमी झाली की विंचू उतरला असे सांगून माणसाला घरी पाठवतो. म्हणजे ज्याला सर्वांत आधी रुग्णालयात न्यायला हवे, नेमका तोच बरा झाला म्हणून परत जातो.

शिवाय बावस्करांनी दगावलेले रुग्णही मोजले. हे मोजणे दैवी उपचाराच्या जगात कुठेच होत नाही. दरबारात उभे राहून अनुभव सांगणारे सगळे बरे झालेलेच असतात. जे गेले त्यांना बोलता येत नाही आणि त्यांच्या घरच्यांना कोणी बोलावत नाही. बोलावले तरी उत्तर तयार असते: तुम्ही उशिरा आलात, पथ्य मोडले, मनात शंका होती, नशिबाचे भोग होते. यश आले तर शक्तीचे आणि अपयश आले तर रुग्णाचे, असा हा व्यवहार आहे. आपले मूल गमावलेल्या आईला ‘तुझीच श्रद्धा कमी पडली’ असे सांगितलेले मी ऐकले आहे, आणि या सगळ्या प्रकारात मला सर्वांत असह्य वाटते ते हेच.

अनुभव खरा आणि कारण भलतेच, असे कसे होऊ शकते हे समजून घेण्यासाठी १७८४ सालच्या फ्रान्समधली एक चाचणी मला नेहमी आठवते. मेस्मर नावाचा वैद्य आणि त्याचे शिष्य अदृश्य ‘प्राणिज चुंबकत्वा’ने रोग बरे करतात म्हणून पॅरिस शहर वेडे झाले होते. राजाने चौकशी समिती नेमली. तिच्यात बेंजामिन फ्रँकलिन आणि रसायनशास्त्रज्ञ लाव्हाझिए होते. मेस्मरच्या देसलाँ या शिष्याने फ्रँकलिनच्या बागेतल्या जर्दाळूच्या एका झाडात ती शक्ती भरली, आणि त्या शक्तीचा प्रभाव चटकन होणारा म्हणून त्यानेच निवडलेल्या बारा वर्षांच्या मुलाला डोळे बांधून एकेका झाडापाशी नेण्यात आले. मुलाला घाम फुटला, खोकला आला, डोके दुखू लागले, आणि चौथ्या झाडापाशी तो शुद्ध हरपून पडला. शक्ती भरलेले झाड तिथून २४ फुटांवर होते. मुलगा सोंग करत नव्हता, त्याची मूर्च्छा खरी होती. झाडाचा तिच्याशी संबंध नव्हता.

शिकलेली, शहरातली माणसे या मोहापासून दूर आहेत असे कोणी समजू नये. पुण्या-मुंबईत, आणि परदेशी गेलेल्या मराठी कुटुंबांतही, हाताने ऊर्जा देणारे, दूर बसून छायाचित्रावर उपचार करणारे वर्ग भरतात, त्यांची प्रमाणपत्रे मिळतात, आणि तिथे अंगाऱ्याऐवजी ‘व्हायब्रेशन’ आणि ‘क्वांटम’ हे शब्द असतात. अमेरिकेत १९७० च्या दशकात परिचारिकांमध्ये अशीच एक पद्धत रुजली, जिच्यात रुग्णाला स्पर्श न करता त्याच्या भोवतीचे ऊर्जाक्षेत्र हाताने जाणवते असा दावा असे. कोलोरॅडोतल्या एमिली रोझा नावाच्या नऊ वर्षांच्या मुलीने शाळेच्या विज्ञान प्रकल्पासाठी त्याची चाचणी घेतली. पुठ्ठ्याच्या पडद्याला खाली दोन भोके पाडून उपचारकाने त्यांतून आपले दोन्ही हात तळवे वर करून पुढे ठेवायचे. एमिलीने नाणे उडवून ठरवायचे आणि त्यांतल्या एका तळहातावर थोड्या अंतरावर आपला हात धरायचा. तो कोणत्या हातावर आहे एवढेच उपचारकाने सांगायचे. काही जण या कामात २७ वर्षे मुरलेले होते. २१ उपचारकांनी २८० वेळा उत्तरे दिली आणि त्यांतली १२३ बरोबर आली, म्हणजे ४४ टक्के. डोळे मिटून अंदाज केला असता तरी निम्मी बरोबर यायला हवी होती. १ एप्रिल १९९८ रोजी हा अभ्यास अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात छापला गेला तेव्हा एमिली अकरा वर्षांची होती. माझ्या विद्यार्थ्यांना ही गोष्ट मी नेहमी सांगत असे, कारण मोठ्या माणसांच्या मोठ्या दाव्याची परीक्षा घ्यायला प्रयोगशाळा आणि पदवी लागतेच असे नाही, हे त्यांना तिच्यातून समजत असे.

‘डॉक्टरांच्या हातूनही माणसे मरतात, त्यांचे काय?’ हा आक्षेप रास्त आहे. मरतात, चुका होतात, अनावश्यक तपासण्या होतात, बिलांनी घरे कर्जात बुडतात. पण ज्या औषधाचा उपयोग नाही असे मोजणीतून सिद्ध होते ते कालांतराने मागे घेतले जाते, आणि चूक करणाऱ्या डॉक्टरविरुद्ध दाद मागायला जागा असते. गंडादोरा गुणकारी नाही म्हणून कोणत्याही मांत्रिकाने तो देणे बंद केल्याचे मी ऐकलेले नाही. मात्र या आक्षेपामागे जे दुःख आहे ते डॉक्टरांनी आणि आपण सगळ्यांनी ऐकून घेतले पाहिजे. बाह्यरुग्ण विभागात दोन मिनिटे मिळतात. मांत्रिक तासभर बसून घरातली भांडणे, शेताचे नुकसान, मुलीचे अडलेले लग्न सगळे ऐकतो, पाठीवर हात ठेवतो. त्या आश्वासनाने वेदना, मळमळ, बेचैनी, झोप न येणे यांत खरोखर उतार पडतो. जंतूंवर, गाठीवर आणि विषावर त्याचा परिणाम होत नाही, आणि मनाला बरे वाटत असताना शरीरातला रोग वाढत राहू शकतो.

कायद्याने हे सगळे बरेच आधी ओळखले होते. मंत्र, कवच, ताईत यांनी रोग बरे होतात अशा जाहिरातींना १९५४ च्या केंद्रीय कायद्याने बंदी आहे, आणि त्याच्या परिशिष्टात ५४ व्याधी नोंदवलेल्या आहेत, ज्यांत कर्करोग, मधुमेह, अपस्मार येतात. महाराष्ट्रातला जादूटोणाविरोधी कायदा मिळवायला मात्र फार मोठी किंमत मोजावी लागली. स्वतः डॉक्टर असलेले नरेंद्र दाभोलकर त्यासाठी वर्षानुवर्षे झगडले, २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात सकाळी फिरायला गेले असताना त्यांना गोळ्या घालण्यात आल्या, आणि त्यानंतर काही दिवसांत अध्यादेश निघाला. डिसेंबरमध्ये त्याचा कायदा झाला. साप, विंचू, कुत्रा चावल्यावर वैद्यकीय उपचारांपासून रोखून मंत्रतंत्र करणे आणि बोटाने शस्त्रक्रिया करून दाखवण्याचा दावा करणे हे या कायद्याने गुन्हे आहेत. शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत. देवाची पूजा, वारी, नवस, घरातले कुळाचार यांना हा कायदा हात लावत नाही, आणि माझाही त्यांच्याशी वाद नाही. प्रार्थनेने मनाला बळ मिळत असेल तर प्रार्थना जरूर करावी, रुग्णालयात जाताना वाटेत करावी, आणि तिथे खाटेशेजारी बसूनही करावी.

शिक्षेच्या भीतीने सगळे होईल असे मला वाटत नाही. मेळघाटात तान्ह्या बाळाचे पोट फुगले की तापलेल्या लोखंडाने त्यावर डागण्या देतात. तिथे त्याला डंबा देणे म्हणतात. तो देणारा भूमका, म्हणजे तिथला पारंपरिक वैदू, गावातला मानाचा माणूस असतो, आणि पोलीस आले तरी गाव त्याचे नाव सांगत नाही. म्हणून तिथल्या आरोग्य यंत्रणेने भूमकांनाच बैठकांना बोलावून, त्यांनी रुग्णाला आधी आरोग्य केंद्रात पाठवावे असे प्रयत्न केले आहेत. कोकणातल्या आणि पालघरच्या भगतांबाबतही मला हाच मार्ग अधिक आशेचा वाटतो. रात्री दोन वाजता मण्यार चावलेला माणूस दाराशी आणला तर भगताने मंत्र म्हणावा की म्हणू नये यावर मी त्याच्याशी वाद घालत बसणार नाही. त्याने त्याआधी १०८ क्रमांकावर फोन लावून रुग्णवाहिका मागवावी, दंशाची जागा कापू नये, वर आवळपट्टी बांधू नये, चावलेला हात किंवा पाय हलू न देता रुग्णाला गाडीत घालावे, आणि शक्य असल्यास स्वतः बरोबर जावे. गाव त्याचे ऐकते, म्हणून हे त्याला समजावणे डॉक्टरला समजावण्याइतकेच गरजेचे आहे.